विशाखाबाईंचा दगड कुणी हलवला?

१

ईस्टरच्या सकाळी दगड जागेवर नव्हता.

छावणीतल्या कबरस्तानाच्या फाटकातून इंद्रजीत पारधे आत शिरला तेव्हा सात वाजून गेले होते. गुडघ्यामुळे प्रभातफेरीबरोबर चालणं त्याला जमलं नव्हतं. फेरी संपवून लोक चहासाठी चर्चकडे परतत होते. समोरून येणारा प्रत्येक जण त्याला "सलाम" म्हणत होता आणि नजर चुकवत होता. का, ते त्याला बायकोच्या कबरीपाशी पोचल्यावर कळलं.

अकरा महिने तिथं नुसता लाकडी क्रूस होता. काल दुपारी गवंड्यानं त्याच्या डोळ्यांदेखत काळ्या दगडाची पाटी ठेवली होती. दोन फूट लांब, दीड फूट रुंद. 'विशाखा इंद्रजीत पारधे, उपदेशिका.' सिमेंट सोमवारी भरू, असं सांगून गवंडी गेला. संध्याकाळी रखवालदार कडुबानं भोवतीच्या कठड्याला जाड चुना मारला. चुना पाटीच्या कडांनाही लागला होता.

आता तिथं मातीत दगडाचा चौकोनी ठसा उरला होता, आणि त्यात चुरगळलेला मोगऱ्याचा गजरा.

इंद्रजीतनं वाकून माती चाचपली. दगड मातीखाली जाणार नाही हे त्याला कळत होतं, तरी चाचपली. मग मातीचे हात घेऊन तो मागच्या फाटकाजवळच्या नळावर गेला. त्या नळाखालची फरशी डुगडुगायची. पाय ठेवला की चिखलाचं पाणी पायावर. विशाखा दर वेळी ओरडायची, "कडुबा, ही फरशी कधी बसवतोस?" ते आठवलं आणि त्याला समोरचं धूसर दिसू लागलं. त्या फरशीवर उभं राहून त्यानं हात धुतले आणि ईस्टरचा पांढरा पायजमा होता तसा पांढरा घेऊन तो वळला.

पुढच्या फाटकाशी गलका झाला होता. मंडळीचे सेक्रेटरी नानासाहेब यांनी कडुबाचा दंड धरला होता.

"पारधे, या!" ते ओरडले. "तुमचा चोर सापडला."

२

त्याच दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत कमिटी बसली. पाळकसाहेब शेंद्र्याला ईस्टरच्या उपासनेसाठी गेले होते. त्यांची वाट पाहायची गरज नानासाहेबांना वाटली नाही.

नानासाहेबांनी उभं राहून सांगितलं, "मी आणि माझा पुतण्या सत्यम, आम्ही पहाटे पहिल्या लोकांबरोबर आलो. अंधार होता. दगड तेव्हाच नव्हता. म्हणजे रात्रीच गेला. आणि रात्री आत कोण असतो? कडुबा."

कडुबा दाराशी उभा होता. वीस वर्षं तो कबरस्तानाच्या फाटकातल्या खोलीत राहत होता. विशाखाची कबर त्यानंच खणली होती.

"मी नाय नेला, नानासाहेब. बाईंचा दगड मी नेईन व्हय?"

मग दोन बायकांना विचारलं. आशाबाई म्हणाल्या, दगड होता, मी स्वतः त्यावर गजरा ठेवला, अंधार होता, आणि तिथं पाळकसाहेबांखेरीज एकच माणूस होता, कडुबा. सोनिया म्हणाली, दगड नव्हता, ऊन भिंतीवर आलं होतं, आणि पांढऱ्या कपड्यांतले दोन पुरुष मागच्या फाटकानं बाहेर जात होते. पाठमोरे. ईस्टरला कोण पांढरं घालत नाही? कोण होते ते तिला सांगता आलं नाही.

नानासाहेब हसले. "एक म्हणते अंधार, दुसरी म्हणते ऊन. एक म्हणते होता, दुसरी म्हणते नव्हता. एक माणूस, दोन माणसं! बायकांचं बोलणं लिहून काय करायचं? त्यापेक्षा आमच्या दोघांचा जबाब घ्या. शब्दाला शब्द जुळतो."

कमिटीनं माना डोलावल्या. कडुबाच्या कमरेची किल्ली सगळ्यांसमोर काढून घेतली. पुढच्या रविवारी खोली खाली करायची, तोवर कबरस्तानात पाऊल टाकायचं नाही.

इंद्रजीत खुर्चीतून उठला.

तो एसटीत अपघाताचे जबाब घेणारा माणूस. तीस वर्षं त्यानं चालक आणि वाहक वेगवेगळे बसवून विचारलं होतं. जबाब थोडे वाकडेतिकडे असले की त्याला बरं वाटायचं. शब्दाला शब्द जुळला की त्याला कळायचं, हे कुठल्यातरी ढाब्यावर बसून ठरवून आलेत.

"माझ्या बायकोच्या नावानं कुणाला रस्त्यावर काढू देणार नाही," तो म्हणाला. "रविवारपर्यंत मीही विचारपूस करणार."

"करा की," नानासाहेब म्हणाले. "वेळच वेळ आहे तुम्हाला आता."

३

सोमवारी सकाळी तो आशाबाईंकडे गेला. पासष्टीच्या आशाबाई दारात बसून गजरे ओवत होत्या.

"या भाऊ. तुम्ही पण सांगायला आलात का, म्हातारीला भ्रम झाला म्हणून?"

"नाही. मला सांगा, कशा गेलात, कुणाबरोबर?"

"रिक्षानं. आम्ही चार म्हाताऱ्या. फेरीत चालायचं होत नाय आता. सव्वापाच झाले असतील. कडुबानं फाटक उघडलं. पाळकसाहेब होते. फाटकाशीच वाचन झालं, प्रार्थना झाली. पाळकसाहेबांची स्कूटर गेली, बाकीच्या रिक्षात बसल्या. मी म्हटलं, थांबा गं, बाईंना गजरा घालून येते."

"अंधारात दगड दिसला?"

"दिसतोय कशाचा!" आशाबाईंनी सुई खाली ठेवली. "हातानं बघितला. भाऊ, मला पन्नाशीत अक्षर कुणी शिकवलं? तुमच्या बायकोनं. मी बोट फिरवलं. वि, शा, खा. खाली 'उपदेशिका'. तो उ लई खोल कोरलाय. आणि हा बघा पदर." पदराचं टोक चुन्यानं कडक झालं होतं. "आता म्हणा, भ्रम झाला."

इंद्रजीतनं तो पदर हातात धरला. मग निघताना नेहमीच्या सवयीनं एक बारीक प्रश्न विचारला. चालकाला तो विचारायचा, वळणावर डाव्या हाताला काय होतं? तिथं असलेला माणूस अडखळत का होईना, सांगतो.

"वाचन कशाचं झालं?"

"बायका कबरीपाशी जातात, आत पांढऱ्या झग्यातला एक तरुण बसलेला असतो, त्या भितात आन् पळतात. कुणाला काय सांगत नाहीत."

"एकच तरुण?"

"एकच. माझे कान शाबूत हायेत."

४

सोनिया दवाखान्यात नर्स होती. ड्युटी संपवून ती बाहेरच्या बाकावर त्याच्याजवळ बसली.

"काका, मी खोटं का बोलू? आशामावशी खोटं बोलत नाही हेही मला माहीत आहे. डोकं फिरायची वेळ आली."

"फेरी कितीला पोचली?"

"सहा वाजून गेले होते. ऊन पडलं होतं. चर्चची घंटा चालू होती, आम्ही आत शिरेपर्यंत वाजत होती. मोठ्या क्रुसापाशी वाचन झालं. मी विशाखाकाकूंकडे बघत होते, म्हणून लक्षात आलं की दगड नाही."

"आणि ते दोघं?"

"आम्ही गात आत शिरलो, तेव्हा ते मागच्या फाटकातून चालले होते. एक जण पायजम्याला हात पुसत होता."

"हातात काय होतं?"

"काहीच नाही. रिकामे हात."

इंद्रजीतनं हे मनात दोनदा म्हणून पाहिलं. रिकामे हात.

"वाचन कशाचं झालं, सोनिया?"

"बायका सुगंधी द्रव्यं घेऊन जातात, लखलखीत कपड्यांतले दोन पुरुष त्यांच्याजवळ उभे राहतात. त्या येऊन शिष्यांना सगळं सांगतात आणि शिष्यांना ती बडबड वाटते." ती फिकं हसली. "बघा ना. आमचंही तेच झालं."

"दोन पुरुष? एक तरुण नाही?"

"दोन, काका."

एकाच सकाळचं वाचन. एकीनं एक ऐकला, दुसरीनं दोन. नानासाहेबांना हे कळलं असतं तर त्यांनी टेबल बडवून हसून घेतलं असतं.

सोनिया उठता उठता म्हणाली, "सगळ्यांनाच काहीतरी होतंय या ईस्टरला. काल सत्यम आला होता, दोन्ही तळवे सोलवटलेले. म्हणाला, चहा सांडला."

५

नानासाहेबांनी त्याला व्हरांड्यात बसवलं, आत बोलावलं नाही.

"पारधे, एक सांगतो, राग मानू नका. तो शब्द तुम्ही कोरायलाच नको होता. उपदेशिका हे पद कमिटीनं कुणाला दिलेलं नाही. बाई रविवारच्या शाळेत शिकवायच्या. चांगलं शिकवायच्या. पण उपदेशिका?"

"बावीस वर्षं दर शनिवारी एसटीनं देवगाव रंगारीला जायची," इंद्रजीत म्हणाला. "तापात गेली. पुरात अडकली तेव्हा शाळेच्या ओट्यावर झोपली. तिथल्या अकरा घरांत प्रार्थना होते ती तिच्यामुळं. त्याला तुम्ही काय म्हणता?"

"सेवा म्हणतो."

इंद्रजीतनं मूठ आवळली आणि सोडली. "पहाटे वाचन कशाचं झालं?"

"नेहमीचंच. मरीया मग्दालीया अंधारात एकटी आली, दगड काढलेला दिसला, ती रडत उभी राहिली आणि येशूला माळी समजली."

"तुम्ही स्वतः ऐकलंत?"

"भिंतीपाशी मागं उभे होतो आम्ही. अंधारात आशाबाईला दिसलो नसू."

सत्यम त्याला शेंद्र्याच्या कंपनीबाहेर चहाच्या टपरीवर भेटला. दोन्ही तळव्यांना पट्ट्या. कप त्यानं बोटांच्या टोकांनी धरला होता.

"वाचन? नेहमीचंच, काका. मरीया मग्दालीया अंधारात एकटी आली, दगड काढलेला दिसला, ती रडत उभी राहिली आणि येशूला माळी समजली."

तेच शब्द. तोच क्रम. "नेहमीचंच"सुद्धा तेच.

इंद्रजीत टपरीच्या बाकावर तसाच बसून राहिला. एक तरुण, दोन पुरुष, आणि आता माळी. एका सकाळची तीन वाचनं. चार माणसांपैकी कोण खोटं बोलत होतं?

६

बुधवारी दुपारी त्यानं विशाखाचं बायबल अकरा महिन्यांत पहिल्यांदा उघडलं. आतापर्यंत धीर झाला नव्हता. आत तिनं एक मोठा कागद घडी घालून ठेवला होता. चार रकाने: मत्तय, मार्क, लूक, योहान. एकाच सकाळच्या चार हकिकती, शेजारी शेजारी, तिच्या गोल अक्षरात.

हा कागद ती पुढं घेऊन बसलेली त्याला आठवली. तेव्हा तो तिला डिवचायचा. "अगं, माझ्यापुढं हे चौघे जबाब द्यायला आले असते तर मी केस बंद केली असती. एक म्हणतो अंधार होता, एक म्हणतो सूर्य उगवला. एकाकडे एक देवदूत, दुसऱ्याकडे दोन."

ती चष्म्यावरून बघायची. "अहो, घरातून निघाल्या तेव्हा अंधार, पोचल्या तेव्हा ऊन. जो बोलला त्याच्याबद्दल एकानं लिहिलं, दुसऱ्यानं दोघांबद्दल लिहिलं. एकच होता, असं कुणी लिहिलंय का? तुम्ही लगेच विचारता, खोटं कोण. आधी विचारा, कोण कुठं उभी होती आणि कधी."

रकान्यांच्या खाली तिनं पेन्सिलनं लिहिलं होतं: 'चौघांनी ठरवून लिहिलं असतं तर एवढा फरक राहू दिला असता का?'

मार्कच्या रकान्यात एक तरुण. लूकच्या रकान्यात दोन पुरुष. माळी फक्त योहानाच्या रकान्यात.

इंद्रजीत चप्पल घालून तडक पाळकसाहेबांकडे गेला. ते फेब्रुवारीतच नगरहून बदलून आले होते, इथल्या रीती त्यांना अजून पुऱ्या माहीत नव्हत्या.

"ईस्टरला काय वाचलंत?"

"दोन वाचनं केली मी. पहाटे फाटकाशी, फेरीत चालू न शकणाऱ्यांसाठी, मार्क. ऊन आल्यावर मोठ्या क्रुसापाशी लूक."

"आणि योहान?"

"योहान नाही वाचला. मला सांगितलं होतं, इथं दर वर्षी योहानच वाचतात. पण मी तो या रविवारसाठी ठेवला. थोमाची गोष्ट येते ना त्यात."

इंद्रजीत पुढं सरकला. "पहिलं वाचन संपल्यावर तुम्ही स्कूटरवरून चर्चला गेलात. एकटे?"

"नाही. कडुबाला मागं बसवलं. घंटा त्यानं वाजवायची होती. मी फेरी घेऊन निघालो, तो दोरापाशी राहिला." पाळकसाहेब थबकले. "मला तर सांगितलं, दगड रात्रीच गेला होता. म्हणून मी... मला कुणी विचारलंच नाही."

"कुणालाच कुणी विचारलं नाही, साहेब," इंद्रजीत म्हणाला. "सोपं होतं ना. चोर गरीब होता आणि साक्षीदार बायका होत्या."

७

रविवारी उपासना झाली. पाळकसाहेबांनी योहान वाचला: आधी मरीया येशूला माळी समजते तो भाग, मग जखमांच्या खुणा हातांवर पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, असं थोमा म्हणतो तो भाग. उपासनेनंतर कमिटी बसली, आणि इंद्रजीतच्या सांगण्यावरून दार उघडं ठेवलं. बायका दारात दाटल्या. कडुबा बाहेर गाठोडं घेऊन उभा होता.

"आशाबाई आणि सोनिया, दोघीही खरं बोलतात," इंद्रजीत म्हणाला. "आशाबाई अंधारात आल्या, पहिलं वाचन ऐकलं, तेव्हा दगड होता. त्यांनी अक्षरांवर बोट फिरवलं, ओला चुना पदराला लागला. सोनिया उन्हात आली, दुसरं वाचन ऐकलं, तेव्हा दगड नव्हता. म्हणजे तो मधल्या पाऊण तासात हलला. त्या पाऊण तासात कडुबा आधी पाळकसाहेबांच्या मागं स्कूटरवर होता, मग घंटेच्या दोरापाशी. ती घंटा तुम्ही सगळ्यांनी ऐकली."

खोलीत कुजबुज झाली. नानासाहेबांनी घसा साफ केला. "पण आम्ही पाहिलं की अंधारात..."

"तुम्ही पहिल्या वाचनाला माळी ऐकलात, नानासाहेब. सत्यमनंही माळीच ऐकला, तुमच्याच शब्दांत. माळी या ईस्टरला वाचलाच नाही. तो आज वाचला. दर वर्षी वाचतात म्हणून तुम्ही गृहीत धरलंत. तुम्ही वाचनाला नव्हताच. मागच्या फाटकाबाहेर उभे राहून म्हाताऱ्या बायका जायची वाट बघत होतात."

"पारधे, तोंड सांभाळा!"

"सत्यम," इंद्रजीत म्हणाला, "हात दाखव."

सत्यमनं हात मागं घेतले.

"चहा सांडला तर एका हातावर सांडतो, बाळा. दोन्ही तळवे, बोटांच्या मुळापर्यंत, सारखे कसे सोलवटतात? ओल्या चुन्यानं माखलेली जड वस्तू दोन्ही हातांनी उचलली की सोलवटतात. काकांनी हातरुमाल धरला असेल. तुला नाही दिला."

सत्यमचा चेहरा आक्रसला.

"काका म्हणाले, फक्त शब्द बदलेपर्यंत ठेवायचा. गाडीत घालून न्यायचा होता. पण फेरी जवळ आली, गाणं ऐकू यायला लागलं. पारधेकाका, मी कडुबाचं नाव घ्यायला नको म्हटलं होतं! मी म्हटलं होतं!"

नानासाहेब खाली बसले. "ते पद कमिटीनं दिलं नव्हतं," एवढंच ते पुटपुटले.

"त्या सकाळी कबरीवर पहिल्या कोण गेल्या?" दारातून आशाबाई कडाडल्या. "कमिटी गेली होती का?"

"दगड कुठं आहे?" पाळकसाहेबांनी विचारलं.

सत्यमनं तोंड उघडलं, पण इंद्रजीतनं हात वर केला. सोनियानं दोघांना रिकाम्या हातांनी जाताना पाहिलं होतं. म्हणजे दगड कबरस्तानाबाहेर गेला नव्हता, मागच्या फाटकाजवळच राहिला होता. आणि त्याच क्षणी इंद्रजीतला आपला पायजमा आठवला. नळावर हात धुतले त्या सकाळी. विशाखाच्या नावानं डोळे भरून आले होते, पण फरशी डुगडुगली नव्हती, पायजम्याच्या काठावर चिखलाचा एक शिंतोडा नव्हता.

त्यानं खुर्चीची पाठ धरली.

"नळाखाली," तो म्हणाला. "उलटा."

८

सगळी मंडळी मागच्या फाटकाकडे गेली. भिंतीच्या आड गवतात जुनी फरशी टाकलेली होती. कडुबानं पहार घातली, दगड उचकटला आणि पालथ्याचा उताणा केला. आठ दिवस लोक त्यावर उभे राहून हातपाय धूत होते. अक्षरांत चिखल बसला होता.

"मीही उभा राहिलो," इंद्रजीत म्हणाला. "मीही."

आशाबाई खाली बसल्या आणि पदरानं एकेक अक्षर पुसू लागल्या.

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "पारधेसाहेब, क्षमा..."

"क्षमेचं विशाखा बघेल. ती माझ्यापेक्षा बरी होती. मी अजून तिथवर आलेलो नाही." तो नानासाहेबांकडे वळला. "कडुबाची किल्ली तुम्ही चारचौघांत काढून घेतलीत. चारचौघांतच द्यायची. तुमच्या हातानं. आणि त्याला चोर म्हणालात, ते परत घ्यायचं. मोठ्यानं."

नानासाहेबांनी आजूबाजूला पाहिलं. एकानंही नजर वळवली नाही. त्यांनी खिशातून किल्ली काढली.

"कडुबा, तू चोर नाहीस," ते म्हणाले.

"ऐकू नाय आलं," मागून एक बाई म्हणाली.

त्यांना दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

दगड कबरीवर परत ठेवला. शब्द तसाच राहिला. सोमवारी सिमेंट भरायचं ठरलं, आणि तोवर राखण करायला चौघी बायका आपणहून थांबल्या. बाकीचे पांगले. कडुबानं जुनी फरशी ओढत आणून नळाखाली टाकली आणि पायानं दाबली.

इंद्रजीत हात धुवायला गेला. फरशी डुगडुगली. चिखलाचं पाणी त्याच्या पायजम्यावर गुडघ्यापर्यंत उडालं.

तो खाली बघत राहिला. आशाबाई बघत होत्या, कडुबा घाबरून बघत होता.

"कडुबा," इंद्रजीत म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला, "ही फरशी कधी बसवतोस?"